शॉर्ट शिफ्टर : गिअरचा दांडा छोटा केला की गाडी खरंच फास्ट होते का?

तुम्हीही असे रील पाहिले असतील. कॅमेरा फक्त गिअरच्या दांड्यावर. हात मनगटातून किंचित हलतो, 'खटक' असा आवाज येतो आणि गिअर पडतो. पुन्हा 'खटक', पुढचा गिअर. खाली कॅप्शन असतं, 'शॉर्ट शिफ्टर लावला आणि गाडीच बदलली'. कमेंटमध्ये एकच प्रश्न : कुठला किट आहे भाऊ, लिंक टाक.

मॅन्युअल स्पोर्ट्स कार घेणारे लोक जे पहिले दोन-तीन बदल करतात, त्यात शॉर्ट शिफ्टर हमखास असतो. टायर आणि सस्पेन्शनच्या मानाने तो स्वस्त पडतो, आणि त्याचा फरक प्रत्येक गिअरला हाताला जाणवतो. पण चुकीचा किट घेतला किंवा नीट बसवला नाही, तर काही हजारांच्या या पार्टमुळे काही लाखांचा गिअरबॉक्स कामाला लागू शकतो.

म्हणून लिंक शोधण्याआधी हे समजून घेऊया. शॉर्ट शिफ्टर म्हणजे काय, तो काय करतो, काय करत नाही, आणि आपल्या गाडीसाठी तो कसा निवडायचा?

शॉर्ट शिफ्टर म्हणजे नेमकं काय?

गिअर बदलताना दांड्याची मूठ म्हणजे नॉब जेवढं अंतर पुढे-मागे जातो, त्याला 'थ्रो' म्हणतात. हा थ्रो कमी करणारा पार्ट म्हणजे शॉर्ट शिफ्टर. इतकंच.

गिअरबॉक्सच्या आत काहीच बदलत नाही. गिअरचे दात, रेशो, सिंक्रोनायझर सगळं कंपनीचंच राहतं. बदलते ती फक्त तुमचा हात आणि गिअरबॉक्स यांच्यामधली यंत्रणा.

ही कल्पना आली कुठून?

एकेकाळी गिअरचा दांडा सीटच्या बाजूला नसायचाच. मुंबईच्या जुन्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत किंवा जुन्या अ‍ॅम्बेसिडरमध्ये बसलेल्यांना स्टेअरिंगशेजारचा गिअर आठवत असेल. अमेरिकेतही १९५०च्या दशकात बहुतेक गाड्यांचा गिअर तसाच होता. लांबलचक जोडण्यांमधून जाणारा, ढिला आणि रेस करणाऱ्यांसाठी डोकेदुखी.

तिथे जॉर्ज हर्स्ट नावाच्या माणसाने हा गिअर जमिनीवर आणणारे मजबूत शिफ्टर बनवायला सुरुवात केली. हर्स्टचं नाव इतकं मोठं झालं, की १९६४च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओमध्ये कंपनीनेच हर्स्टचा शिफ्टर बसवून दिला. बाहेरचा पार्ट थेट कारखान्यातून गाडीत आला. अपघातात चेपलेली गाडी उघडून माणसाला बाहेर काढायचं 'जॉज ऑफ लाइफ' हे हायड्रॉलिक यंत्रही याच हर्स्टची कल्पना.

हर्स्टच्या 'कॉम्पिटिशन प्लस' या शिफ्टरमध्ये एक साधी पण महत्त्वाची गोष्ट होती : दांडा ठरावीक जागी थांबवणारे, कमी-जास्त करता येणारे बोल्ट. त्यांचं काम काय, ते पुढे येईलच.

हापशाचं गणित

गिअरचा दांडा म्हणजे शाळेत शिकलेली तरफ. मध्ये एक टेकू असतो, बहुतेक गाड्यांत तो गोल बॉल असतो. टेकूच्या वर तुमचा हात, टेकूच्या खाली गिअरबॉक्सला ढकलणारं टोक.

समजा टेकूच्या वरचा भाग २० सेंटिमीटर आहे आणि खालचा ५ सेंटिमीटर. म्हणजे प्रमाण झालं ४ ला १. खालचं टोक १ सेंटिमीटर हलवायचं असेल तर नॉब ४ सेंटिमीटर हलवावा लागतो.

आता हा थ्रो कमी करायचे दोन मार्ग आहेत.

पहिला, वरचा भाग कापायचा. २० चा १६ सेंटिमीटर केला की प्रमाण ३.२ ला १ होतं. थ्रो २० टक्के कमी. पण नॉबही ४ सेंटिमीटर खाली गेला.

दुसरा, खालचा भाग वाढवायचा. ५ चा ६.२५ सेंटिमीटर केला तरी प्रमाण ३.२ ला १ येतं. थ्रो तेवढाच कमी, पण नॉब आहे त्याच उंचीवर. बरेच चांगले किट हा दुसरा मार्ग किंवा दोन्हींचा मेळ वापरतात. काही किट टेकूची जागाच वर उचलतात. त्यात वरचा भाग छोटा आणि खालचा मोठा, दोन्ही एकदम होतं.

पण यातलं काहीच फुकट मिळत नाही. गावातल्या हापशाचा दांडा अर्धा कापला तर काय होईल? हात कमी हलवावा लागेल, पण जोर दुप्पट लागेल. इथेही तेच. थ्रो २० टक्के कमी केला तर जोर २५ टक्के जास्त लागतो. ३० टक्के कमी केला तर सुमारे ४३ टक्के जास्त. ४० टक्क्यांना जवळपास ६७ टक्के, आणि थ्रो निम्मा केला तर जोर दुप्पट.

एसटीच्या जुन्या लाल गाडीतला तो उंच, थरथरणारा दांडा आठवा. तो उगाच लांब नव्हता. मोठा गिअरबॉक्स दिवसभर हाताने चालवायचा तर जोर कमी लागावा, म्हणून ती लांबी. स्पोर्ट्स कारमध्ये आपण नेमकं उलट करतोय.

त्यामुळे जाहिरातीत '४० टक्के शॉर्ट' असं लिहिलेलं दिसलं, की सोबत न लिहिलेलं 'आणि ६७ टक्के जड' हेही मनात वाचायचं. सिग्नलागणिक गिअर बदलावा लागतो अशा ट्रॅफिकमध्ये रोज गाडी चालवायची असेल, तर हा आकडा जास्त महत्त्वाचा.

मग गाडी फास्ट होते का?

थोडक्यात उत्तर : फारशी नाही.

गिअर बदलताना तीन गोष्टी घडतात. क्लच दाबला जातो, इंजिनाचे आरपीएम खाली येतात आणि सिंक्रोनायझर दोन गिअरांचा वेग जुळवतो. नॉबने कापलेलं अंतर हा यातला एक छोटा भाग.

टोयोटा जीआर ८६ चं उदाहरण घेऊ. हिच्या ६ स्पीड मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या गिअरचा रेशो २.१८८ आणि तिसऱ्याचा १.५४१ आहे. म्हणजे ७,००० आरपीएमला दुसऱ्यातून तिसरा टाकला, तर इंजिन सुमारे ४,९३० पर्यंत खाली यायला हवं. तेवढा वेळ इंजिन घेणारच. दांडा ५ सेंटिमीटर हलला की ४, याच्याशी इंजिनाला देणंघेणं नाही.

सिंक्रोनायझरचंही तसंच. ही साधारणपणे पितळेची किंवा कार्बनचं अस्तर असलेली कडी असते. ती घर्षणाने गिअरचा वेग जुळवते आणि मगच गिअर आत जाऊ देते. शॉर्ट शिफ्टर तिला वेगवान करत नाही. उलट, आता कमी अंतरात जास्त जोर लागतो. घाईघाईत दांडा ओढला तर कडीला तिचं काम पूर्ण करायला वेळ मिळत नाही. 'कर्रर्र' असा आवाज आला, तर ती कडी झिजतेय असं समजायचं.

मग लोक एवढे खूश का असतात? कारण अनुभव खरंच बदलतो. हालचाल आटोपशीर होते, गिअर पडल्याचं स्पष्ट कळतं, हात स्टेअरिंगवर लवकर परत जातो. माझदाने आपल्या एमएक्स-५ साठी 'जिनबा इत्ताइ' हा जपानी शब्द वापरला आहे, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव होणं. शॉर्ट शिफ्टरसाठी पैसे द्यायचे ते या अनुभवासाठी. स्टॉपवॉचसाठी घेतला तर निराशा ठरलेली.

आधी गाडीचा प्रकार ओळखा

शॉर्ट शिफ्टर निवडताना पहिला प्रश्न ब्रँडचा नाही. आपल्या गाडीचा दांडा गिअरबॉक्सला कसा जोडलाय, हा आहे. ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

१. थेट दांडा. माझदा एमएक्स-५ मध्ये दांड्याचं खालचं टोक थेट गिअरबॉक्समध्येच जातं. मध्ये काही नाही. त्यामुळे हात लावताच गिअरबॉक्स जाणवतो. इथे किट म्हणजे बहुतेक वेळा नुसता नवीन दांडा. जुन्या एमएक्स-५ मध्ये तो गाडीच्या आतूनच, नॉब आणि कन्सोल काढून बदलता येतो.

२. रॉडची जोडणी. बीएमडब्ल्यूच्या अनेक मॅन्युअल गाड्या आणि जीआर ८६, सुबारू बीआरझेड यांच्यात दांडा गिअरबॉक्सपासून थोडा मागे असतो आणि एका रॉडने जोडलेला असतो. दांड्याचं खालचं टोक जास्त लांब केलं, तर काही बीएमडब्ल्यूंमध्ये ते खाली फिरणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या जोडणीला लागू शकतं. म्हणून 'बीएमडब्ल्यूला बसतो' एवढं पुरेसं नाही. मॉडेल, वर्ष आणि गिअरबॉक्स, तिन्ही जुळायला हवेत. शिवाय अनेक मॉडेल्सवर हे काम गाडीखालून होतं. एक्झॉस्ट आणि हीट शील्ड काढावी लागते, म्हणजे मजुरीही त्या हिशेबाने.

३. केबल. होंडा सिव्हिक टाइप आरसारख्या पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांत आणि पोर्शे बॉक्स्टरसारख्या मधे इंजिन असलेल्या गाड्यांत दोन केबल असतात. एक गिअरची ओळ निवडते, दुसरी गिअर टाकते. इथे बदल दोन ठिकाणी करता येतो : आत दांड्यापाशी किंवा बाहेर गिअरबॉक्सवरच्या हातापाशी. काही किट फक्त पुढे-मागेचा थ्रो कमी करतात, काही डावी-उजवीकडचंही अंतर कमी करतात. हा फरक किती महत्त्वाचा आहे, ते 'मनी शिफ्ट'च्या भागात कळेल.

पुण्याजवळच्या चाकणमध्ये बनणारी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी १.५ मॅन्युअल ही याच केबल कुटुंबातली. पण परदेशातल्या फोक्सवॅगनचा किट 'दिसायला सारखाच' म्हणून मागवू नका. कंपनी एक असली तरी गिअरबॉक्स वेगवेगळे असतात.

थांबा! तुम्हाला खरंच शॉर्ट शिफ्टर हवाय का?

हा भाग रीलमध्ये कधीच नसतो.

माझदा एमएक्स-५ ही गिनीज बुकातली सर्वाधिक खपलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार. २०१६ मध्ये तिने १० लाखांचा टप्पा ओलांडला. पहिली पिढी १९८९ची, म्हणजे बाजारात आज ३०-३५ वर्षं जुन्या गाड्याही फिरतात. अशी गाडी घेतलेल्या माणसाची तक्रार ठरलेली असते : गिअर ढिला वाटतो, दांडा न्यूट्रलला डुगडुगतो, नेमका कुठे पडला कळत नाही. उपाय म्हणून तो शॉर्ट शिफ्टर शोधायला लागतो.

पण त्या गाडीत दांड्याच्या खालच्या टोकावर नायलॉनचा एक छोटा बुश असतो. तो वर्षानुवर्षं झिजतो. दांडा ज्या कप्प्यात बसतो तिथलं तेल आटतं किंवा काळं पडतं. वरचं रबरी बूट फाटतं आणि खालची गरम हवा, आवाज आणि तेलाचा वास आत येतो. बुश, रबरी बूट आणि ताजं गिअर ऑइल, एवढं बदललं तर गिअर पुन्हा घट्ट आणि नेमका वाटायला लागतो. हा खर्च शॉर्ट शिफ्टरच्या मानाने किरकोळ आहे.

उलट, झिजलेल्या बुशवर शॉर्ट शिफ्टर लावला तर ढिलेपणा तसाच राहतो. आता गिअर छोटा, जड आणि तरीही ढिला.

रॉड आणि केबलच्या गाड्यांनाही हेच लागू आहे. रॉडच्या टोकांचे बुश, केबलची टोकं, गिअरबॉक्स आणि इंजिन धरून ठेवणारे माउंट, हे आधी तपासा. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्या-सोडल्यावर गिअरचा दांडा स्वतःच पुढे-मागे होत असेल, तर संशय आधी माउंटवर घ्यायचा.

आणखी एक खूण. सकाळी गाडी थंड असताना दुसरा गिअर अडतो आणि गरम झाल्यावर सुरळीत पडतो? मग तेलाकडे बघा. चुकीचं किंवा जुनं तेल हे नेहमीचं कारण. मॅन्युअलमध्ये जीएल-४ दर्जाचं तेल सांगितलं असेल तर 'त्याहून वरचं' म्हणून जीएल-५ टाकू नका. त्यातली काही रसायनं पितळी कड्यांना मानवत नाहीत. आणि गाडी गरम असतानाही गिअर कर्रर्र वाजत असेल, तर दोष सिंक्रोनायझर किंवा क्लचमध्ये असू शकतो. शॉर्ट शिफ्टरने तो दोष फक्त वाढेल.

किट निवडताना काय बघायचं?

आधी स्वतःचा थ्रो मोजा. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, क्लच दाबलेला. नॉबच्या मध्यापासून तिसरा ते चौथा गिअर हे अंतर टेपने मोजा. समजा ते १० सेंटिमीटर आलं. २० टक्क्यांच्या किटने ते ८ होईल. हे २ सेंटिमीटर तुम्हाला पुरेसे आहेत का? एमएक्स-५ किंवा होंडा एस२००० सारख्या गाड्यांचा थ्रो मुळातच छोटा आहे. तिथे ४० टक्के कमी करायची गरज फार थोड्यांना असते. रोजच्या गाडीसाठी १५ ते २५ टक्के हा समंजस आकडा.

टक्के कशाचे, ते विचारा. काही विक्रेते दांडा आणि छोटा नॉब दोन्ही मिळून आकडा सांगतात. तुमचा जुना नॉब लावल्यावर तो आकडा येत नाही. थ्रो खालचा भाग वाढवून कमी केलाय की वरचा कापून, हेही विचारा. नॉब ३-४ सेंटिमीटर खाली गेला तर उंच माणसाला प्रत्येक गिअरला खांदा झुकवावा लागतो. ट्रॅकवर उलट नॉब वर, स्टेअरिंगजवळ असलेला बरा. काही किटमध्ये उंची कमी-जास्त करता येते.

बुश कशाचे आहेत? कंपनी रबर वापरते, कारण ते थरथर आणि गिअरबॉक्सचा आवाज गिळतं. पॉलियुरेथेन त्याहून कडक. डेलरिन किंवा पितळ आणखी कडक. जितका बुश कडक, तितका गिअर नेमका, आणि तितकाच गिअरबॉक्सचा आवाज केबिनमध्ये. ट्रॅकच्या गाडीत हे चालतं. घरच्यांना घेऊन महाबळेश्वरला जायचं असेल तर पॉलियुरेथेनवर थांबणं शहाणपणाचं.

बॉल आणि वेल्डिंग बघा. दांड्याचा सगळा भार टेकूच्या बॉलवर येतो. एकसंध धातूतून कोरलेला, गुळगुळीत बॉल असलेला दांडा घ्या. दोन तुकडे जोडून वेल्ड केलेले स्वस्त दांडे टाळा. जोड तुटला तर दांडा हातात येतो, आणि गाडी ज्या गिअरमध्ये असेल त्यातच अडकते. हे भर हायवेवर झालं तर काय, याचा विचार करा.

रिव्हर्सचं कुलूप चालतं का? अनेक गाड्यांत चुकून रिव्हर्स पडू नये म्हणून कडी ओढावी लागते किंवा दांडा दाबावा लागतो. किटमध्ये ही सोय शाबूत राहायला हवी. ती काढून टाकणारा किट घेऊ नका.

नॉबचे आटे जुळतात का? माझदाचे आटे १० मिलिमीटर जाडीचे आणि १.२५ अंतराचे असतात, होंडाचे १० आणि १.५ चे, टोयोटा आणि सुबारूचे साधारणपणे १२ आणि १.२५ चे. माझदाच्या दांड्यावर होंडाचा नॉब सुरुवातीला फिरतो, मग अडतो, आणि जोर लावला की दोघांचेही आटे जातात.

उजवा-डावा फरक. ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया आणि भारतात स्टेअरिंग उजवीकडे असतं, अमेरिकेत डावीकडे. ड्रायव्हरच्या बाजूला वाकवलेला दांडा अमेरिकेतून मागवला, तर इथे तो पॅसेंजरकडे वाकलेला असेल.

किमतीचं म्हणाल, तर अमेरिकेच्या बाजारात साधा दांडा साधारण शंभर-दोनशे डॉलरमध्ये आणि पूर्ण असेंब्ली चारशे-पाचशे डॉलर किंवा त्यापुढे जाते. भारतात मागवताना कुरिअर आणि कस्टम ड्युटी वेगळी धरायची.

आणि नुसता नॉब?

वजनदार नॉब हा सगळ्यात सोपा प्रयोग. साधारण २०० ते ४०० ग्रॅमचा धातूचा नॉब लावला की हालचालीला वजन येतं. ते वजन दांड्याला सिंक्रोनायझरच्या अडथळ्यातून पुढे नेतं आणि गिअर जास्त गुळगुळीत वाटतो. थ्रो मात्र तेवढाच राहतो. पाच मिनिटांत लागतो, आवडला नाही तर पाच मिनिटांत निघतो. शॉर्ट शिफ्टरबद्दल मन ठरत नसेल तर सुरुवात इथून करा. फक्त उन्हात उभ्या गाडीतला स्टीलचा नॉब मे महिन्यात धरायची तयारी ठेवा.

'मनी शिफ्ट' : एक चुकीचा गिअर, एक इंजिन

स्पोर्ट्स कारवाल्यांच्या जगात या शब्दाची धास्ती असते. तिसऱ्यातून चौथा टाकायचा होता आणि हात दुसऱ्यात गेला, तर? जीआर ८६ मध्ये तिसऱ्यात ७,००० आरपीएमला चौथ्याऐवजी थेट दुसरा पडला आणि क्लच सोडला, तर चाकं इंजिनाला जवळपास ९,९०० आरपीएमवर ओढतात. या इंजिनाची लाल रेषा ७,५०० च्या आसपास आहे.

इथे रेव्ह लिमिटर वाचवत नाही. तो इंधन बंद करू शकतो, पण आता इंजिन इंधनाने फिरतच नाही, चाकं त्याला फिरवतायत. व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात. एका चुकीत इंजिनाचे पैसे जातात, म्हणून नाव मनी शिफ्ट.

याचा शॉर्ट शिफ्टरशी संबंध असा : डावी-उजवीकडचं अंतरही कमी करणाऱ्या किटमध्ये गिअरच्या ओळी जवळ येतात. १-२ आणि ३-४ या ओळींमधला फरक हाताला कमी जाणवतो. दांड्याला मध्यावर आणणारी स्प्रिंग जुनी आणि मऊ झाली असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून घ्यायचाच तर पुढे-मागेचा थ्रो कमी करणारा आणि डावी-उजवीकडचं अंतर शक्यतो तसंच ठेवणारा किट घ्या. काही गाड्यांसाठी मध्यावर आणणाऱ्या जास्त कडक स्प्रिंगही मिळतात. नवीन दांडा लावल्यावर पहिले काही आठवडे हाताला सवय होऊ द्या. लाल रेषेपर्यंत गाडी ताणायची घाई नको.

बसवल्यावर ही तपासणी चुकवू नका

किट बसवला, गिअर पडतायत, झालं? नाही.

शॉर्ट शिफ्टर बसवताना होणारी सगळ्यात महागडी चूक म्हणजे अर्धवट पडणारा गिअर. दांडा कन्सोलच्या कडेला, रबरी बुटाला किंवा खालच्या पत्र्याला टेकतो आणि गिअर पूर्ण आत जाण्याआधीच थांबतो. हाताला वाटतं गिअर पडला. प्रत्यक्षात दात अर्धेच अडकलेले असतात. मग जोर आला की गिअर सुटतो, आणि दरवेळी दातांच्या कडा थोड्या गोल होतात. काही महिन्यांनी गिअरबॉक्स उघडावा लागतो, आणि दोष मात्र 'कंपनीच्या गिअरबॉक्स'ला दिला जातो.

म्हणून कन्सोलचं झाकण लावण्याआधी :

- प्रत्येक गिअर, रिव्हर्ससकट, शेवटपर्यंत टाकून बघा. गिअर पूर्ण पडल्यावरही दांडा आणि आजूबाजूच्या भागांत थोडी मोकळी जागा उरली पाहिजे.
- रबरी बूट ताणलं जाऊन दांडा मागे खेचत नाही ना, ते बघा.
- किटमध्ये थांबवणारे बोल्ट असतील तर ते नीट जुळवा. हर्स्टच्या शिफ्टरमधल्या बोल्टचं काम हेच होतं. गिअर पडल्यानंतरचा हाताचा जादा जोर या बोल्टवर जावा, गिअरबॉक्सच्या आतल्या फोर्कवर नाही. पण ते फार आत घेतले तर पुन्हा गिअर अर्धवट.
- मोकळ्या रस्त्यावर प्रत्येक गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबून-सोडून बघा. एकही गिअर सुटला तर गाडी तिथेच थांबवा आणि जुळवणी परत करा.

आणि जुना दांडा फेकू नका. गाडी विकताना किंवा किट न आवडल्यास तोच उपयोगी येईल.

वॉरंटी आणि कायद्याचं काय?

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी : तिथे १९७५ पासून मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. बाहेरचा पार्ट लावला एवढ्याच कारणावरून कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही. बिघाड त्या पार्टमुळे झाला, हे दाखवावं लागतं. पण शॉर्ट शिफ्टर लावला आणि सिंक्रोनायझर गेला, तर तो संबंध दाखवणं कंपनीला अवघड नाही, हेही लक्षात घ्या.

भारतात एमएक्स-५ आणि जीआर ८६ अधिकृतपणे विकल्या जात नाहीत. पण मॅन्युअल गिअरची बीएमडब्ल्यू एम२ मिळते, आणि व्हर्टस जीटीसारख्या गाड्यांवरही लोक हा प्रयोग करतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका ठामपणे मांडली. गिअरच्या दांड्याची लांबी आरसीमध्ये लिहिलेली नसते. तरीही वॉरंटी सुरू असेल तर डीलरला, आणि विमा कंपनीला, बदल करण्याआधी लेखी विचारून ठेवणं चांगलं. बसवल्यावर विचारून उपयोग नसतो.

मग घ्यायचा की नाही?

गाडी जुनी आहे आणि गिअर ढिला वाटतो : आधी बुश, बूट, तेल आणि माउंट. बऱ्याच जणांचं समाधान इथेच होतं.

गिअर अडतो किंवा वाजतो : शॉर्ट शिफ्टर नको. आधी मेकॅनिककडे जा.

गाडी ठणठणीत आहे, रोज चालवता आणि गिअरची मजा वाढवायची आहे : वजनदार नॉब, किंवा पुढे-मागेचा थ्रो १५ ते २५ टक्के कमी करणारा, नॉबची उंची तीच ठेवणारा, तुमच्याच मॉडेल-वर्षासाठी बनवलेला किट.

फक्त ट्रॅकसाठीची गाडी आहे : कडक बुश, उंच नॉब आणि थांबवणारे बोल्ट असलेली पूर्ण असेंब्ली. आवाज आणि जडपणा गृहीत धरून.

शक्य असेल तर पैसे देण्याआधी तोच किट लावलेली कुणाची तरी गाडी अर्धा तास चालवून बघा, तीही ट्रॅफिकमध्ये. रीलमध्ये 'खटक' ऐकू येतो, पण त्यासाठी लागलेला जोर दिसत नाही. तो हातालाच कळतो.